कवड्याचा मालक

मु. चिचखेड, बेला मंडल
२७ जानेवारी १९८८

तीर्थरूप बाबांस,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहितात, म्हणून लिहिला समजा. मनातून केलेला नाही.

कवड्या जिवंत आहे. तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून टाकते. बैलांचा शंकरपट संपल्याबरोबर तुम्ही जोडीतल्या भुऱ्याला टेम्पोत चढवून बोथला घरी निघून गेलात. कवड्या नाल्यात पडलेला होता, त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाहीत. त्याचा पुढचा उजवा पाय गुडघ्यापाशी भोपळ्यासारखा सुजलाय. एकट्याला उठता येत नाही. पोटाखालून पोतं घालून माणसं त्याला उभा करतात, तेव्हा कुठे पाण्याला तोंड लावतो. तुमच्या जावयाचा खांदा निखळला होता, तो बसवून घेतला. आता ते एका हाताने बैलाला शेक देत बसतात आणि कुणाशी बोलत नाहीत.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते.

पटासाठी तुम्ही दोन्ही बैल आधीच आमच्या गोठ्यात आणून बांधले, कारण पट आमच्याच बाजूला नदीकाठी होता आणि धुरकरी म्हणून जोडी हाकणार होते तुमचे जावईच. बैल आले त्याच आठवड्यात कवड्या लंगडायला लागला. हे त्याला चालवत जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या तेलुगू डॉक्टरने पाय दाबून पाहिला, सूज उतरायचं औषध दिलं आणि हात हलवून म्हणाला, "परुगु वद्दु. पळवायचा नाही. अजिबात वद्दु." यांनी तुम्हाला लगेच निरोप धाडला की कवड्या या पटाला नाही. तुमचा उलट निरोप आला की जोडीचं नाव देऊन झालंय.

पटाच्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. सोबत खाकी पिशवीवाला एक माणूस. हे तेव्हा भुऱ्याला धुवायला नदीवर गेले होते. तुम्ही मला म्हणालात, "फुला, दवाखान्यातला मानूस हाय. जरासं ऊन पानी दे." मी पाणी दिलं. वर चहाही दिला. त्याने माझ्या पाण्यात सुई उकळली आणि कवड्याच्या मानेत खुपसली. मी चुलीपाशी उभी राहून पाहत होते. दवाखान्याचं नाव घेतलंत, बापाने घेतलं, मग मी कशाला शंका काढू?

हे नदीवरून आले तेव्हा कवड्या चारी पाय टेकून उभा होता. यांना इतका आनंद झाला की बैलाच्या गळ्यात पडले. तुम्ही म्हणालात, "पाह्य मोतीराम, डाक्तरच्या औषधानं गुन आला." यांनी मान डोलावली. सासऱ्याचा शब्द खोटा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा गुन्हा काढायचाच तर एवढाच निघेल.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. मी बायांच्या बाजूला गाडीवर उभी राहून पाहिलं. जोडी सुटली ती अशी सुटली की लोक ओरडायचं विसरले. पट्टी संपली, झेंडा पडला, भुऱ्या आवरायला लागला आणि कवड्या आवरेना. डोळे लाल, तोंडाला फेस, दुखऱ्या पायावर सगळा भार टाकत भुऱ्याला फरफटत तो थेट नाल्यात गेला. लोक धावले. मानेवरची सुईची गाठ आणि रक्त उत्तमराव पंचांनी सगळ्यांना दाखवलं.

आणि मग तुम्ही माईक हातात घेतलात.

"कवड्या माया नोहे! पोरीले आंदण देल्ला हाय मी. बैल जावयाच्या गोठ्यात होता. मोतीरामले इचारा, मले काय इचारता!"

हे नाल्यात बसले होते, खांदा धरून, कवड्याचं डोकं मांडीवर घेऊन. त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. ते कवड्याच्या तोंडावरचा फेस पुसायला लागले. पंचांनी जागच्या जागी सांगून टाकलं की मोतीराम धुरकरी आजपासून आजन्म बंद, एकाही पटात त्याने कासरा धरायचा नाही.

महाशिवरात्रीला पंच महादेवाच्या देवळापाशी बसतात. तिथे या आणि सुई कुणी टोचवली ते सांगा. दुसरं काही मागत नाही.

पंचफुला

———

चिचखेड
८ फेब्रुवारी १९८८

तीर्थरूप बाबांस,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. उघडं कार्ड टाकलंत हे बरं केलंत. पोस्टमनने माझ्या हातात देईपर्यंत अर्ध्या चिचखेडला ते तोंडपाठ झालं होतं. "दिल्या घरी सुखी राहा, पटाच्या गोष्टीत बायकांनी नाक खुपसू नये, एखादा हंगाम गेला की लोक विसरतात." कुणाकडून लिहून घेतलंत? अक्षर चांगलं आहे. त्याला सांगा, इतकं घाण काम इतक्या चांगल्या अक्षरात करू नकोस.

लोक विसरतात म्हणता. मग ऐका लोक काय करतायत. यांच्याकडे दरसाल गावोगावचे गोऱ्हे शिकवायला येतात. तुम्हीच म्हणायचे की मोतीरामच्या हाताखालचा गोऱ्हा जुवाच्या शिवळेला बुजत नाही. परवा लोणी गावचा एक माणूस आला, आमच्या दावणीचा आपला गोऱ्हा सोडला आणि म्हणाला, "राहू द्या मोतीरामभाऊ, घरीच शिकवू आमी." चहाला थांबला नाही. दुसऱ्या दिवशी अजून एक आला. दावण रिकामी झाली. बेल्याच्या बाजारात यांना पाहून कुणीतरी मागून "सुईवाला" म्हणालं. तेव्हापासून हे बाजाराला जात नाहीत. भाजी मी आणते. मला कुणी काही म्हणत नाही, फक्त बोलता बोलता गप्प होतात.

ज्या माणसाने बैलाला कधी तुतारीची आर टोचली नाही, नुसत्या जिभेच्या आवाजावर जोडी पळवली, त्याला सुईवाला म्हणतात. आणि तुम्ही म्हणता, एक हंगाम.

आता आंदणाचं. लग्नात आईने हट्ट धरला होता, कारण कवड्याची माय आईने वाढवलेली गाय. तुम्ही मांडवात सगळ्यांसमोर त्याचा कासरा माझ्या हातात दिलात. टाळ्या झाल्या. मी कासरा धरून उभी होते, तोवर तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलात आणि म्हणालात, "राहू दे, लहान हाय अजून. जरा मोठा झाला का धाडतो." मोठा झाला. पळायला लागला. मग कसला धाडता! निर्मलपासून नदीपलीकडपर्यंत सगळीकडे "चंपतरावाचा कवड्या." तुमच्या बैठकीतली भिंत ढालींनी भरली. प्रत्येक ढालीवर नाव तुमचं. तुमच्यासोबत फोटोत कवड्या, कवड्यासोबत तुम्ही, आणि हे कुठेतरी कडेला अर्धे कापलेले. मी कधी म्हटलं का, बैल माझा आहे?

जिंकला तोवर तुमचा. पडला त्या क्षणी माझा. तेही माईकवर.

तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. मी लहान होते, तुम्ही निर्मलहून मला लाकडी बैलजोडी आणली होती. चाकं लावलेली, हिरव्या-लाल रंगाची. तान्ह्या पोळ्यात सगळ्या पोरांच्या जोड्या ओळीत उभ्या केल्या, पोरींत मी एकटी, आणि तुम्ही मला मुद्दाम मध्ये उभी केलीत. मी दोरी जोरात ओढली आणि माझा बैल शेजारच्या कौशल्याबाईंच्या लेकीच्या पायावरून गेला. तिच्या अंगठ्यातून रक्त आलं. मी म्हटलं, मी नाही केलं, बैलाने केलं. तुम्ही माझा कान धरलात. म्हणालात, "बैल तुया, तं चूकबी तुई. जाय, तिची माफी माग." आणि सगळ्यांसमोर मागायला लावलीत.

मला ते बरोबर वाटलं होतं. अजून वाटतं. म्हणून तर राग जात नाही.

महाशिवरात्रीला या.

पंचफुला

———

चिचखेड
१८ फेब्रुवारी १९८८

श्री. चंपतराव यांस,

आला नाहीत. ताप आहे म्हणून निरोप धाडलात. आईचा निरोप वेगळा होता, ती म्हणाली ज्वारीच्या खळ्यावर सकाळपासून ओरडतायत. तापात माणसाचा आवाज चांगला चढतो म्हणायचा.

तुम्ही येणार नाही असं दिसलं, तेव्हा मी गेले. कवड्याला नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्याचा नुसता कासरा घेतला. देवळाच्या पारावर पंच बसतात तिथे बाया जात नाहीत. मी गेले तसं सगळं थांबलं. हे दूर, पिंपळाच्या मागे उभे होते. त्यांना वाटत होतं मी येऊ नये. पण अडवलं नाही.

उत्तमराव म्हणाले, "बाई, घरचं भांडन घरात भांडा. बाप-लेकीच्या मधात पंच कायले?"

मी म्हटलं, "भांडायले नाई आली. मालक म्हनून आली." आणि कासरा त्यांच्यासमोर ठेवला. "चंपतराव माईकवर काय बोलले ते तुमी सर्व्यायनं आयकलं. बैल माया हाय. मंग शिक्षा मले द्या. धुरकऱ्याले काऊन देता?"

कुणीतरी हसलं. म्हणालं, "तुले सुईचं मालूम होतं काय वो?"

"सुईत काय होतं ते नोतं मालूम. पन अंगन माया, पानी माया, बैल माया. मालूम करून घेनं मालकाचं काम हाय. मले मालूम नोतं म्हनून मालक सुटत असन, तं उद्या सर्वे मालक आंधळे होतीन."

मग कुणी हसलं नाही. सुई कुणी टोचवली ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. तुम्हाला हे वाचून सुटल्यासारखं वाटेल, तर वाटू देऊ नका. तुमचं नाव मी घेतलं नाही कारण ते तुम्ही घ्यायचं आहे. मी घेतलं तर ती चुगली होईल. लेक बापावर उलटली असं लोक म्हणतील आणि मोतीरामची बायको नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते असंही म्हणतील. तुम्ही बोललात तर कुणीच काही म्हणणार नाही.

मग दुसरी गोष्ट निघाली. पंचांपैकी एकाने कायदा मांडला की यापुढे ज्या बैलाच्या अंगावर सुईची खूण दिसेल तो बैल कायमचा बाद. सगळे माना हलवायला लागले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, असं केलं तर लंगडता बैल दवाखान्यात कोण नेईल? लोक दुखणं लपवतील. सुई काही वाईट नाही. त्या तेलुगू डॉक्टरनेही कवड्याला औषध दिलंच होतं, आणि सोबत सांगितलं होतं, पळवू नका. दुखणं बरं करायचं औषध वेगळं आणि दुखणं झाकून पळवायचं औषध वेगळं. बैलाला औषध द्या, पण चारचौघांत सांगा, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला बसवून ठेवा. जो लपवेल तो मालक बाद. बैलाला बोलता येत नाही, निदान मालकाने तरी बोलावं.

यावर बराच गलका झाला. कुणी म्हणालं डॉक्टर काय पटाला येणार आहे का, कुणी म्हणालं बाईमाणसाच्या सांगण्यावरून कायदे करायचे का. उत्तमराव दाढी खाजवत बसले होते. शेवटी म्हणाले, "बाई म्हनते ते खरं हाय. मायाबी बैलाच्या पायाले मागच्या साली लागलं होतं, असा कायदा असता तं मी बी लपवलंच असतं." तसंच ठरलं. औषध उघड, बैल बसवायचा, आणि चूक निघाली तर मालक धरायचा. धुरकऱ्याला मालकाआधी शिक्षा नाही.

मला शिक्षा झाली. दोन हंगाम कवड्या बाद आणि माझं नाव बाद. यांच्यावरची बंदी उठली.

मी कासरा उचलला तेव्हा उत्तमराव जवळ येऊन हळूच म्हणाले, "मोतीराम पंचाईतून सुटला. पन लोकायच्या तोंडाले आमी काय करनार? ते चंपतरावच्याच हाती हाय."

म्हणजे आम्ही आहोत तिथेच आहोत. यांना घरी आल्यावर सांगितलं, बंदी उठली. हे म्हणाले, "बरं झालं," आणि कवड्यापाशी जाऊन बसले. पिंपळाच्या मागून त्यांनी सगळं ऐकलं होतं. लोक त्यांच्या बाजूने जाताना वाट सोडून जात होते, तेही त्यांनी पाहिलं होतं.

तर आता ऐका. शिक्षा माझी, तर ढालीही माझ्या. तुमच्या बैठकीत कवड्याच्या जेवढ्या ढाली टांगल्यात तेवढ्या उतरवा आणि चिचखेडला पोचत्या करा. बैल माझा आहे असं तुम्हीच जगाला सांगितलंय.

पंचफुला मोतीराम

———

चिचखेड
पोळ्याचा आदला दिवस, १९८८

श्री. चंपतराव यांस,

आई काल आरटीसीच्या बसने आली. पाठीवर पोतं. पोत्यात ढाली, एकीवर एक कोंबलेल्या, दोन वाकलेल्या. भिंतीवरून उतरवताना तुम्ही त्या फेकल्या असाव्यात. आईने पाणीसुद्धा प्यायच्या आधी तुमचा निरोप सांगितला, पाठ केल्यासारखा: "ढाली घे, बैल दे."

मला आधी कळेना, लंगडा बैल घेऊन तुम्ही करणार काय. मग तिने खाली मान घालून पुढचं सांगितलं. दिवाळीनंतर नदीपलीकडे महाराष्ट्रात मोठा पट आहे. आपल्या पंचांची बंदी तिकडे चालत नाही. आणि तो खाकी पिशवीवाला तुम्हाला म्हणाला, पाय आता जुळला असेल, थोडं औषध दिलं की पळेल.

तुम्ही त्याला अजून घरात घेता! चहा आता कोण देतं त्याला, आई?

मी आईला गोठ्यात नेलं. कवड्या उभा राहतो आता, चालतोही, पण पाय अजून बाहेर फेकतो. डॉक्टर परवा येऊन गेला. म्हणाला, शेतीची हलकी कामं करेल, पळणार नाही, आणि पळवलात तर मरेल. हे ऐकताना हे हसले. जानेवारीपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. बैल पळणार नाही याचाच त्यांना आनंद झाला.

आज खांदशेकणी केली. कोमट पाणी, हळद, लोणी. आई एका बाजूला, मी एका बाजूला. त्याच्या खांद्यावर जुनी गाठ आहे, दगडासारखी. इतक्या वर्षांची, तुमच्या गोठ्यातली. आई बोटं फिरवत म्हणाली, "माय वो, हे कवाची?" तुमच्याकडे दरसाल पोळ्याला शिंगांना बेगड लागतो, झूल शहरातून येते. खांद्याला कुणी हात लावला नाही. शेकून झाल्यावर आम्ही त्याच्या कानाशी आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." आई रडायला लागली. मी नाही रडले.

बैल मिळणार नाही. टेम्पो धाडू नका.

उद्या पोळ्याच्या तोरणाखाली त्याला हे नेणार नाहीत. मी म्हटलं, चला, पोळ्याच्या दिवशी तरी चला. म्हणाले, "तूच ने. लोकं बैलाकडं पाह्यतीन का मायाकडं पाह्यतीन?" म्हणून मी नेणार आहे.

तुम्हालाही आवतण आहे. पाहुणे म्हणून या. पुरणपोळी वाढीन. जावयासमोर बसून जेवा आणि जेवता जेवता दोन शब्द बोला. बैल न्यायला आलात तर मात्र जेवण नाही.

पंचफुला मोतीराम

———

चिचखेड
तान्हा पोळा, १९८८

बाबा,

हे पत्र आईच्या हातून येतंय. तिच्यावर राग काढू नका. काल तोरणापाशी ती तुमच्याकडे आली नाही, कारण मी तिचा हात धरला होता.

तुम्ही टेम्पो घेऊनच आलात. गावची सगळी जनावरं तोरणाखाली ओळीत उभी, पोळ्याची गाणी, झडत्या रंगात आलेल्या, माईकवर एकावर एक चढत होत्या. मी कवड्याला घेऊन शेवटी उभी होते. साधी झूल, शिंगांना गेरू. तुम्ही गर्दीतून सरळ आलात, कासऱ्याला हात घातलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हा बैल माया हाय. माया गाईचा, माया गोठ्यातला. मी घेऊन चाललो."

झडत्या थांबल्या. लोक भोवती जमले. हे घरून धावत आले, कुणीतरी सांगितलं असेल. तुम्हाला वाटलं मी ओढाताण करीन. तुम्ही कासरा मुठीला गुंडाळून तयारीत होता.

मी सोडून दिला. कासऱ्याचं दुसरं टोकही तुमच्या हातात दिलं. मग उत्तमरावांकडून माईक मागून घेतला आणि तो तुमच्यासमोर धरला.

"घ्या बाबा. बैल तुमचा हाय म्हना याच्यात. आनि पटाच्या दिवशीबी तुमचाच होता म्हना. मंग घेऊन जा."

तुमच्या एका हातात कासरा होता. कवड्याने तुमचं मनगट चाटलं. त्याने तुमचा वास ओळखला होता, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तुम्ही माईककडे पाहिलंत. मग यांच्याकडे. हे नुसते उभे होते, खांदा थोडा खाली झुकलेला, तो आता तसाच राहतो. तुमचे ओठ हलले. मी माईक अजून जवळ नेला. तुमचा श्वास लाऊडस्पीकरमधून सगळ्या गावाने ऐकला, शब्द आला नाही.

मग तुम्ही मूठ उघडलीत. कासरा खाली पडला. तुम्ही वळून टेम्पोकडे गेलात आणि रिकामा टेम्पो गेला.

सगळ्यांना कळायचं ते कळलं. उत्तमरावांनी वाकून कासरा उचलला. मला वाटलं माझ्या हातात देतील. त्यांनी तो नेऊन यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मोतीराम, ने बैल. तोरन तोडाचं हाय." कवड्याला यांनी नेलं. लंगडत गेला, पण ओळीत सर्वांत पुढे, तोरण तोडायच्या मानाच्या जागी. आज सकाळी लोणीचा तो माणूस आला, गोऱ्हा घेऊन. सरळ आमच्या दावणीला बांधला आणि चहाची वाट पाहत बसला. मी त्याला जरा वेळ बसू दिलं.

आम्हाला जे पाहिजे होतं ते मिळालं. तुम्ही दिलं नाहीत, तुमच्याकडून पडलं. आता तुमच्याकडे काही मागायचं नाही. हे शेवटचं पत्र.

पण एक तुम्हाला माहीत असावं. तुम्हाला वाटलं असेल, पोरीने डाव टाकला. मी कासरा दिला तेव्हा खराच दिला होता. तुम्ही एकदा म्हणाला असता, "बैल माया होता, चूकबी मायी," तर मी कवड्याला माझ्या हाताने टेम्पोत चढवलं असतं आणि त्याच्या पायाची काळजी केली नसती. असं म्हणू शकणाऱ्या माणसाच्या गोठ्यात बैल सुखात राहतो. लहानपणी मी तशाच माणसाच्या घरात राहिले.

ढाली आईसोबत परत पाठवतेय. भिंत रिकामी चांगली दिसत नाही. आईने त्याच पोत्यातून आणलेली माझी निर्मलची लाकडी जोडी मात्र ठेवून घेते. एका बैलाचं चाक निघालंय, तरी राहू दे. ती ज्याने आणली होती तो मला फार आवडायचा.

फुला